काकणीचे सहावे पीस

माझ्या उजव्या हाताला, अंगठ्याच्या मुळाशी, तीन खळगे आहेत. लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेला पाहुणा हमखास विचारतो, "हे काय लागलं?" मी सांगतो, "नोकरीत लागलं." पाहुणा आदराने मान डोलावतो. हा माणूस पोलिसात किंवा फौजेत असणार, असे त्याला वाटते आणि तो वाढप्याला माझ्या पानात आणखी एक लाडू वाढायला लावतो. मी ढोरांच्या दवाखान्यात कंपौंडर होतो, हे मी लाडू खाऊन झाल्यावर सांगतो.

आमचा दवाखाना मालवणपासून दोन तासांच्या चालीवर, किनाऱ्यालगतच्या एका गावात होता. सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा तेव्हा नव्हता, समुद्रातला किल्ला तेवढा होता; आम्ही रत्नागिरी जिल्ह्याच्या शेपटाकडचे. पलीकडे गोव्यात अजून पोर्तुगीज होते. दवाखान्याला दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागच्या परड्यात एक मांगर, म्हणजे गवत नि अवजारे ठेवायची खोप. डॉक्टर घाटावरून यायचे. समुद्र पाहून हरखायचे आणि एक पावसाळा काढला की बदलीचा अर्ज लिहायला बसायचे. एक डॉक्टर गेल्यावर दुसरे येईपर्यंत जे महिने जात, त्यात मीच डॉक्टर, मीच कंपौंडर आणि झाडूही माझ्याच हातात. लोकांना फरक जाणवत नसे. ढोरांनी तर कधीच तक्रार केली नाही.

पाखरांचे काम माझ्याकडे कोणी सोपवलेले नव्हते. एका बाईने एक घार आणली, तांबूस अंगाची नि पांढऱ्या डोक्याची. तिच्या पायात गळाची दोरी आवळली होती. मी ती कापली, आयोडीन लावले, दुसऱ्या दिवशी घार उडून गेली. एवढ्या भांडवलावर माझे नाव झाले. मग दवाखान्यात दोन तऱ्हेची माणसे येऊ लागली. घार घेऊन येणारा पुण्य करायला आलेला असे आणि ते पदरात पडल्याची खात्री होईपर्यंत पडवीतून उठत नसे. घुबड घेऊन येणारा टोपली कुंपणाच्या गडग्यावर ठेवून लांबूनच हाक मारी आणि मी बाहेर येईपर्यंत दिसेनासा होई.

एक म्हातारी मात्र घुबडाची टोपली घेऊन थेट आत आली.

"ह्यां माज्या घरार बसता नि रडता," ती म्हणाली. "तुमी सरकारी माणूस. हेका दुसऱ्या गावात सोडून येवा."

"आजी, हेचो पंख मोडलो हा."

"मोडतलोच. मीच दांडो मारलंय."

"मगे हाडलात कित्याक हय?"

"मेला असता तर हाडलंय नसतंय," ती शांतपणे म्हणाली. "अर्दां मेलेलां पाखरू घरात कोण ठेवतला?"

ते घुबड सहा आठवडे मांगरात राहिले. हाताचे खळगे ही त्याचीच भेट. बरे झालेले घुबड त्याच्या स्वतःच्या जागेतच सोडावे लागते, परक्या ठिकाणी त्याला उंदीर सापडत नाहीत आणि तिथली घुबडे त्याला टिकू देत नाहीत. म्हणून मी एका संध्याकाळी ते म्हातारीच्या घरामागच्या फणसावर सोडून आलो. तिला हे सांगण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. पुढे बाजारात भेटली की ती म्हणायची, "तुमी तेका लांब सोडलात ता बरां केलात. पण दुसरां एक इला हा. ह्यां तेच्यापेक्षा वायट."

दवाखान्याच्या नोंदवहीत जनावरांचे रकाने छापील होते: गाय, बैल, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी. घुबडाला रकाना नव्हता. ज्याला पंख आहेत ते सगळे मी कोंबडीच्या रकान्यात घातले. मी काही खोटे लिहिले असे मला वाटत नाही, सरकारनेच सृष्टी तेवढी ठेवली होती. फक्त एकदा वरच्या ऑफिसातून लेखी विचारणा आली, की कोंबडीच्या नख्यांनी कंपौंडरच्या हाताला टाके पडले, हे कसे? मी उत्तर लिहिले, "कोंबडी बिथरली होती." प्रकरण मिटले.

या कामात कळण्यासारखे फार थोडे असते, पण ते थोडे उलटे असते. चोचीला माणूस भितो आणि चोच काही करत नाही. शिकारी पाखराचे हत्यार म्हणजे त्याचे पाय. नख्या एकदा हातात घुसल्या की ओढायचे नाही, ओढले की मूठ आणखी आवळते. देवाचे नाव घेत स्वस्थ बसायचे, कंटाळून ते आपण होऊन सोडते. दुसरे म्हणजे डोळे झाकायचे. पाखराला दिसेनासे झाले की ते लाकडासारखे निमूट राहते. मी त्यासाठी माझी जुनी पांढरी टोपी वापरत असे. टोपी घातल्यावर भलेभले गप्प होतात, हे त्या काळात वेगळे शिकावे लागत नव्हते.

तिसरे, घशात काही ओतायचे नाही. पण आमच्या माणसांना आजारी जीव दिसला की त्याच्या तोंडात काहीतरी घातल्याशिवाय राहवत नाही. कोणी पेज भरवून आणी, कोणी साखर घातलेला चहा. दोडामार्गाकडच्या एका पाहुण्याने शिक्रा आणला, त्याच्या चोचीला चक्क फेणीचा वास येत होता. दारूबंदीचे दिवस होते. मी विचारले तर पाहुणा म्हणाला, "थंडीन कुडकुडत होतो, म्हणान दोन थेंब दिलंय." वास पाहुण्यालाही येत होता, पण तो कुडकुडत नव्हता.

आणि शेवटचे, माया लावायची नाही. जे पाखरू आपल्याला ओळखू लागले ते फुकट गेले. हे मी लोकांना फार ठामपणे सांगत असे.

आता जी चूक मी केली ती सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. एका जूनमध्ये पंख दुखावलेली एक घार माझ्याकडे होती. होड्या किनाऱ्यावर चढवून माडाच्या झापांनी शाकारलेल्या, ताजा मासा कुठून मिळणार? बायको म्हणाली, "खारे बांगडे भिजवून घाला. आमी खातो, मगे तिका काय झाला?" मला पटले. पावसाळ्यात आख्खा मालवण तालुका खाऱ्यावर जगतो, एक घार जगणार नाही का? दोनदा पाणी बदलून मी बांगडे भिजवले आणि घातले. घारीने आवडीने खाल्ले आणि चौथ्या दिवशी ती मेली. मिठाने मेली. बांगडा वरून कितीही धुतला तरी आतला खार जात नाही आणि तेवढ्याशा जिवाला तो सोसत नाही. नोंदवहीत मी कारण लिहिले, "वार्धक्य." ती घार वर्षाचीही नव्हती. इतक्या वर्षांनी ते लिहिल्याची लाज मला मेलेल्या घारीपेक्षा जास्त वाटते.

तेव्हापासून मी एक नियम केला. मासे खाणारे पाखरू पाऊस लागण्याआधी उडालेच पाहिजे. नाही उडाले, तर ते मेले.

धाकू तांडेल दवाखान्यात आला तो चैत्रात. पन्नाशीचा, काळा, हाडापेराने मोठा माणूस. त्याची स्वतःची रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायचे आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या चाळीस-पन्नास माणसांनी वाळूवरून ओढायच्या. एकट्याचा तो धंदा नव्हे. माणसे दोरीला लागली तर रापण, नाहीतर ते नुसते सुताचे ओझे.

त्याने मासळीची मोठी पाटी खाली ठेवली आणि वरचे शिडाचे कापड काढले. आत काकण होती.

काकण म्हणजे समुद्री गरूड. पांढरे पोट, राखी पाठ, पंख पसरले तर माणसाएवढी. आमच्या गावात एकच जोडी होती. देवाच्या राईत, म्हणजे देवळामागच्या राखीव रानात, एका उंच बेहड्याच्या झाडावर तिचे जुने घरटे होते. काकण ही देवाची राखणदार, ती किनाऱ्यावरून फिरते तोवर समुद्र गावावर रागावत नाही, असा समज. गावातला एकही माणूस तिला दगड मारणार नाही.

तिच्या अंगावर जखम नव्हती. पण उजव्या पंखाच्या टोकाची सहा मोठी पिसे अर्ध्यावर कापलेली होती. साफ कापलेली, धारदार सुरीने.

"ह्यां कोणी केल्यान?" मी विचारले.

"मीच," तांडेल म्हणाला. तो खाली बघत होता. "रापण कडेक इल्ली. मासळी उसळत होती, तेतूर तिना झेप घेतल्यान नि जाळ्यात अडाकली. सोडवूक गेलंय तर पंख आणखीच गुरफाटलो. सुरी हातात होती."

"मग जाळां कापूचां नाय?"

"नवा जाळां होता," तो म्हणाला. "कापलंय असतंय तर मासळी गेली असती नि हंगामय गेलो असतो. म्हटलंय, पिसां काय, परत येतत."

त्याची समजूत वेडेपणाची नव्हती. केस कापले तर वाढतात, नखे कापली तर वाढतात. पण पीस तसे वाढत नाही. पुरते वाढलेले पीस म्हणजे वाळलेली काडी. कापले की थोटूक तसेच राहते. ते आपल्या वेळेला गळून पडेल, मग त्या जागी नवे येईल. एवढ्या मोठ्या पाखराची सगळी पिसे बदलायला दीड-दोन वर्षे जातात. उपटून काढावीत तर मूळच दुखावते आणि नवे वाकडे येते, किंवा येतच नाही. कापलेले तुकडे त्यानेच समुद्रात टाकले होते.

"म्हणजे दोन पावसाळे," मी म्हटले. "आणि एकय तिका निभावचो नाय."

तांडेल रिकामी पाटी उचलून गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी दोरी खाली ठेवली. भांडण नाही, शिवीगाळ नाही. त्यांच्यातला जाणता पुढे होऊन म्हणाला, "तात्यानू, काकण जमनीर आसा तवसर आमी दोरयेक हात लावचे नाय. तुमी आमचे, पण दर्या सगळ्यांचो." ऐन हंगामात जाळे वाळूवर पडून राहिले. जे वाचवायला त्याने पिसे कापली, ते नवे जाळे उन्हात वाळत होते आणि त्यात शेजारची कुत्री झोपत होती.

तांडेल रोज सकाळी काकणीसाठी ताजा मासा घेऊन यायचा. स्वतःची रापण बंद, तेव्हा हा मासा तो दुसऱ्यांच्या किनाऱ्यावर जाऊन मागून आणी. जन्मभर ज्याने मासे वाटले त्या माणसाने मुठीत दोन तारल्या घेऊन यायचे म्हणजे काय, ते मला त्याच्या चालण्यावरून कळत असे.

त्या वेळचे आमचे डॉक्टर बदलीच्या हुकमाची वाट पाहत पडवीत बसलेले असत. एका संस्थानी गावातले होते. काकण पाहून ते म्हणाले, "आमचे आजोबा दरबारचे बाजदार, शिकारीचे बाज सांभाळायचे. बाजाचं पीस मोडलं की ते दुसरं जोडायचे."

"कसं जोडायचे?" मी विचारले.

"ते मला काय माहीत? मी डॉक्टर आहे."

पण दोन दिवसांनी चहा पिताना त्यांना आपोआप आठवले. पिसाची दांडी पोकळ असते. थोटकाच्या आत एक बारीक काडी घालायची, त्या काडीवर दुसरे पीस चढवायचे. त्याच जातीच्या पाखराचे, त्याच पंखाचे, त्याच जागेचे. एवढे सांगून त्यांनी चहा संपवला. पुढच्याच आठवड्यात त्यांचा हुकूम आला आणि ते गेले. त्यांच्या नोकरीतला हा सगळ्यात मोठा इलाज, आणि तो त्यांनी केला नाही.

मी तांडेलाला सांगितले तेव्हा तो क्षणभर विचार करून म्हणाला, "म्हणजे कलम."

"कलमच."

"आंब्याचां आयकलंय, पाखराचां नाय," तो म्हणाला. पण मला जे समजायला दोन दिवस लागले ते त्याला समजले होते.

पिसे कुठे मिळणार ते सगळ्या गावाला माहीत होते. वर्षानुवर्षे काकणीची गळलेली पिसे बेहड्याखाली पडत. आणि ती तिथून का उचलता येत नाहीत, तेही सगळ्या गावाला माहीत होते. राईतली वाळकी काटकीसुद्धा देवाची. ती बाहेर काढायची तर देवाला कौल लावायचा. देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या बाजूंना पाण्याने पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि वाट पाहतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर घरी जायचे.

सोमवारी आम्ही गेलो. कौल लावणारे गुरव बापू म्हणजे सुकलेल्या अंगाचा, ताठ मानेचा म्हातारा. त्यांनी खणखणीत आवाजात विचारले, "देवा म्हाराजा, रायेतली पिसां भायर काढूक तुजी परवानगी आसा काय?" पाच मिनिटांत डावी पाकळी पडली. बापूंनी आमच्याकडे असे पाहिले, की हे मी आधीच सांगितले असते.

मी सरकारी माणूस. अर्ज एकदा फेटाळला की मजकूर बदलून पुन्हा करायचा, एवढे मला नोकरीने शिकवले होते. पुढच्या सोमवारी मी बापूंना म्हटले, "ह्या वेळी गाऱ्हाणां तांडेलाक घालूंदे." बापूंना ते आवडले नाही, पण नाही म्हणायला नियम सापडेना.

तांडेल हात जोडून उभा राहिला. बोलायची सवय नसलेला माणूस. त्याची रिकामी बसलेली माणसे मागे उभी होती.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा," मागची माणसे म्हणाली.

"पाखरू तुजा. पिसां तुजी. कापली मी."

"व्हय म्हाराजा."

"तुजीच पिसां तुज्याच पाखराक लावन, तां तुज्याच झाडार परत येवचां, ह्यां मागतंय. माका तेतूरला कायएक नको. ह्यां तुका चलता काय, तां सांग."

खूप वेळ काहीच झाले नाही. मग उजवी पाकळी सुटली आणि घसरत खाली आली. तांडेल तिथेच खाली बसला. मी देवाधर्माचा फारसा माणूस नाही, पण त्या वेळी माझेही हात आपोआप जोडले गेले.

राईत शोधले तर बरीच पिसे सापडली, पण निम्मी वाळवीने खाल्लेली. पीस उजव्या पंखाचे की डाव्या, हे त्याच्या कडेवरून कळते. वाऱ्याकडची कड अरुंद असते. निवडून निवडून कामाची चार निघाली. दोन कमी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरव बापू दवाखान्यात आले. पडवीत कोणी नाही हे पाहून त्यांनी पंच्यात गुंडाळलेली जुडी काढली. काकणीची चांगली डझनभर पिसे, एकही वाळवी लागलेले नाही.

"बापू, ही खंयची?" मी विचारले.

"घरात होती," ते म्हणाले. "देवाच्यो मूर्ती झाडूक बरी पडतत. कानय खाजवतत."

"कौल लावलो होतो?"

"तुमका पिसां होयी काय चौकशी होयी?" बापू म्हणाले. जुडीतून मला हवी ती दोन निघाली. बाकीची त्यांनी पुन्हा पंच्यात गुंडाळली.

काडीसाठी मी माडाच्या झावळीतला हीर घेतला, ज्याची केरसुणी करतात तो. एक पीस जोडून फुंकर मारली तर ते काडीवर गरकन फिरले. हीर गोल, फिरणारच. मी डोक्याला हात लावून बसलो. तांडेल शेजारीच होता. त्याने हीर हातात घेऊन पाहिला आणि पहिल्यांदा हसला.

"कंपौंडरानू, गोल काय कामाचा? तीन धारी होये."

तो घरी गेला आणि जाळे विणायच्या सुया तो ज्या चिव्याच्या बांबूच्या तासत असे, तो बांबू नि तीच सुरी घेऊन आला. त्याच सुरीने त्याने पिसे कापली होती, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवले नाही. दिवसभर पडवीत बसून त्याने सहा काड्या तासल्या. दोन्ही टोकांना निमुळत्या, मध्ये तिधारी, आगकाडीपेक्षा थोड्या जाड. गावात कोणाच्या हातून तसे काम झाले नसते. चिकटवायला फणसाचा चीक घेतला. त्याच चिकाने आमच्याकडे पाखरे धरतात. तो एका पाखराला उडवायला वापरल्याचे मी दुसरीकडे ऐकलेले नाही.

काकणीच्या डोक्यावर माझी टोपी घातली, अंग गोणपाटात गुंडाळले आणि तांडेलाने तिचे पाय धरले. त्याच्यासारखी मूठ माझी नव्हती. मी थोटके सरळ केली, मापाने पिसे कापली, एकेक काडी बसवली. सकाळी सुरू केलेले काम दुपारी संपले. सगळा वेळ तांडेल पापणी न हलवता बसला होता. मध्ये एकदाच म्हणाला, "हिचो जीव धडधडता. माज्या बोटांक लागता." मी म्हटले, "माझोय धडधडता, तो कोण धरीत?"

उडवायच्या दिवशी तिला किनाऱ्यावर नेले. हवा दमट झाली होती, लोक होड्या वर ओढायच्या गोष्टी करू लागले होते. आठवडाभर उशीर झाला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. तांडेलाची सगळी माणसे आली होती. गुरव बापूही आले होते, मान ताठ. मी टोपी काढली आणि बाजूला झालो.

काकण उडाली नाही. ती वाळूत चालू लागली, अगदी कोंबडीसारखी. माझी नोंदवही खरी ठरते आहे, असा एक घाणेरडा विचार माझ्या मनात आला. तांडेलाकडे बघायची माझी छाती होईना. मग समुद्रावरून वारा आला. तिने पंख उघडले, दोन पावले धावली आणि पाण्यावर गेली. खाली, लाटेला पोट लागेल इतकी खाली. उजवा पंख किंचित कचरल्यासारखा वाटला. मग ती वर आली. वळली. आमच्या डोक्यावरून राईकडे गेली आणि बेहड्यावर बसली.

इकडे एका माणसाने वाळूवर पडलेली दोरी उचलली. मग दुसऱ्याने. "तात्यानू, फाल्या सकाळी भरती बघून टाकूया काय?" कोणीतरी म्हणाले. तांडेलाने नुसती मान हलवली. तो रडत होता आणि ते लपवायच्या भानगडीत पडला नव्हता.

माया लावू नका, हे मी त्यालाही बजावले होते. पुढच्या हंगामात रापण कडेला आली की तो एक चांगला मासा बाजूला काढून वाळूवर ठेवायचा. काकण वरून जायची, आपला मासा आपण समुद्रातून उचलायची, तांडेलाच्या माशाकडे बघायचीसुद्धा नाही. तो मासा कावळे नेत.

"मेली वळखचां नाव घेणा नाय," तो मला म्हणाला.

"म्हणजे आपला काम चोख झाला," मी म्हटले.

"तुमका ठीक आसा," तांडेल म्हणाला. "तुमका पगार गावता. माका तिना एकदा बगूक होया होता."

त्या उन्हाळ्यात गुरव बापू सांगत आले, की बेहड्याखाली एक पीस पडले आहे आणि त्याच्या पोटात बांबू आहे. आम्ही दोघे धावत गेलो. तांडेलाची काडी, माझा सांधा. जोडलेले पीस गळले म्हणजे तिथे तिचे स्वतःचे नवे आले. तांडेलाने ते उचलून उलटसुलट पाहिले आणि पुन्हा होते तिथे ठेवले. दोन वर्षांत अशी पाच पिसे पडली. दर वेळी तो बघायला जाई आणि हात लावून परत येई. बापू एकदा म्हणाले, "कौल लावया काय? तुका होया तर." तांडेल म्हणाला, "देवाक सांगलंय मा, माका कायएक नको म्हणान."

सहावे पीस काही सापडले नाही. मी शोधले, बापूंनी शोधले. तांडेल म्हणाला, "तां अजून तिच्या अंगार आसा. ऱ्हवांदे. एक तरी काडी माजी घेवन फिरता." इतकी वर्षे पीस टिकत नाही, हे मला ठाऊक होते. पण मी शोधायचे थांबवले.

साठ सालानंतर कधीतरी माझी बदली झाली. मधल्या काळात तांडेल वारला, हे मला उशिरा कळले. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने, आम्ही तिला काकी म्हणत असू, आतून त्याची जाळ्याच्या सुयांची थैली आणली. तिने ती माझ्यापुढे ठेवली.

"ह्यां तुमका देवक सांगल्यान तेणी," ती म्हणाली. "कोणाक दाखवा नको म्हणाले. गुरवाक तर नायच."

सुयांच्या मधोमध, तेलकट फडक्यात, पीस होते. राखी, टोकाला पांढरट, आणि सांध्यातून डोकावणारी तिधारी काडी.

देवासमोर, चाळीस माणसांच्या देखत, ज्याने "माका कायएक नको" म्हणून सांगितले, त्याने ते कधी उचलले, कसे उचलले, घरी आणताना त्याला किती भीती वाटली असेल, याचा मी फार विचार केला. मनात एवढेच येते, की तिने एकदा बघायला हवे होते.

पीस आता माझ्या ट्रंकेत आहे, नोकरीच्या कागदांखाली. पुढे सरकारने कायदा केला. त्याप्रमाणे असे पीस घरात ठेवणे गुन्हा आहे, असे म्हणतात. सरकारला मी विचारलेले नाही, त्यांच्या रकान्यांची मला कल्पना आहे. पण ते देवाचे आहे आणि परत राईत ठेवायला हवे, हे मला कळते. दर वर्षी त्या गावी जायला निघतो तेव्हा ट्रंक उघडतो. कौल लावून विचारावे, असे मनात येते. पण प्रश्न कसा विचारायचा ते अजून ठरत नाही, आणि पीस घरीच राहते.